मोरीकडे कललेल्या नळ्या

कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाचं रक्त कशाला काढता, हा प्रश्न कर्जतच्या दवाखान्यात चार वर्षं मला रोज एकदा तरी विचारला गेला. उत्तर मला कधी द्यावं लागलं नाही. मी शब्द जुळवेपर्यंत आमचे मोघे कंपाउंडर पडद्याआडून सांगून मोकळे होत, "आतली सूज बघायचीय." माणूस शर्ट वर करून कंबर चाचपून बघे. बाहेर काही दिसत नसे. मग तो मुकाट्याने दंड पुढे करी. सूज आतली आहे म्हटलं की कोणीही दंड पुढे करतं, हे आमच्या डॉक्टरांना मी तिथे लागण्यापूर्वीच उमगलेलं होतं.

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. ते हयात आहेत, दवाखाना जोरात आहे, आणि मराठी अंक ते वाचत नाहीत. इंग्रजी जाडे ग्रंथही वाचत नाहीत, पण ते टेबलावर पेशंटला दिसतील असे मांडून ठेवतात.

माझं सांगायचं तर बाबा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर. छप्पन साली आमच्या घरातले देव गेले आणि त्या फळीवर बाबांनी पुस्तकं लावली. माझ्या जन्माआधीच मला इंग्रजी शाळेत घालायचं हे त्या फळीसमोर ठरलेलं होतं. त्या शाळेने मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि बोलायचंच असेल तर आधी हात वर करायचा. नोकरीत हात वर केला तरी कोणी बघत नाही हे कळायला मला फार वेळ लागला. मुंबईला लॅबोरेटरीचा डिप्लोमा करून मी या दवाखान्याच्या मागच्या खोलीत रुजू झाले, तेव्हा मोघ्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं. "कॉन्व्हेंट, दोन नंबरचं रक्त." मी ओ देत असे.

आमच्या धंद्यातली ही सूज कशी मोजतात ते सांगते, कारण त्यात जादू काही नाही. पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत थोडं सायट्रेट घालायचं, म्हणजे रक्त गोठत नाही. त्यात रक्त मिसळायचं. मग हातभर लांबीच्या, मिलिमीटरच्या रेघा मारलेल्या बारीक काचनळीत ते तोंडाने शून्यापर्यंत ओढायचं, (जास्त ओढलं तर खारट लागतं, एकदा लागलं की माणूस आयुष्यभर जपून ओढतो), आणि ती नळी स्टँडमध्ये उभी करून एक तास हात लावायचा नाही. तासाभरात तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळं पाणी राहतं. किती मिलिमीटर खाली बसल्या तो आकडा म्हणजे ईएसआर. शरीरात कुठे जाळ असेल तर पेशी एकमेकींना चिकटून जड होतात आणि भराभर खाली येतात. पुरुषाचा पंधरा, बाईचा वीस, इथपर्यंत ठीक. जाळ कुठे आहे हे नळी सांगत नाही. आहे की नाही एवढंच सांगते.

कंबरदुखीत या आकड्याचं काम एकच, पण ते मोठं आहे. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. ओझी वाहून, वाकून, वयानुसार ती झिजते, चेपते, कधी बाहेर सरकते आणि शिरेवर दाबते. माणूस कळवळतो, पण दंडातल्या रक्ताला सहसा त्याचा पत्ता नसतो. आकडा बारा-पंधराच येतो. उलट मणक्याला क्षयाने किंवा दुसऱ्या कशाने कुरतडायला घेतलं असेल तर आकडा चढतो. म्हणजे झिजलेली गादी आणि कुरतडलेला मणका यांतला फरक कळायला ही स्वस्त नळी पहिली खूण देते. पुढे एक्स-रे आहे, बाकी सगळं आहे. पण पुढे जायचं की नाही, हे इथे ठरतं. निदान ठरायला हवं.

आमच्या दवाखान्यात कोणाचाच आकडा बारा येत नसे. हमालाचा तीस, मास्तरांचा पस्तीस, किराणा दुकानदाराचा चाळीस. डॉक्टर कागद बघून मान हलवत. "मणक्यात गॅप आहे, आणि रक्तात सूज." गॅप त्यांना एक्स-रेशिवाय दिसे. मग दहा इंजेक्शनं आणि कमरेला पट्टा. पट्ट्यांचा गठ्ठा मोघ्यांच्या खुर्चीखालीच असे. बाजारपेठेत अर्धी माणसं सदऱ्यावरून पट्टा बांधून हिंडत आणि एकमेकांना भेटली की आकडा विचारत. एक निवृत्त मास्तर तर दर पंधरवड्याला ईएसआर करून घेत आणि ग्राफ पेपरवर त्याचा आलेख काढत. खालच्या रेघेवर 'मेथीचे लाडू सुरू', 'लाडू बंद' अशा नोंदी. मी तो आलेख आदराने पाहत असे. आज आठवलं की स्वतःच्या आदराची लाज वाटते.

आकडे चढे का येतात हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. माझ्याआधी हे काम मोघेच करत. ते अर्ध्या तासाने नळी बघून आकडा दुप्पट करत, कारण दुसरा अर्धा तास चहाचा असे. पेशी काही घड्याळ लावून सारख्या वेगाने उतरत नाहीत, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी पूर्ण तास ठेवू लागले, तरी आकडे चढेच. एकदा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "गावाची हवाच तशी आहे." मी पुस्तकात हवेबद्दल शोधलं. एवढी मी शहाणी.

गोमी आली ती नेमकी या हवेत. ठाकुरवाडीची ठाकरीण, वय पंचवीसच्या आसपास. घाटातल्या वाडीतून लाकडाच्या मोळ्या डोक्यावर आणून विकायची. नवरा पदू रेल्वेच्या रुळांवर रोजंदारीला. बाकावर जागा होती तरी दोघं खाली बसली, आणि कोणी त्यांना वर बसा म्हटलं नाही. मीही नाही. मोघ्यांनी विचारलं, काय होतंय. ती म्हणाली, "दुखतं." कुठे, कधी, असं विचारल्यावर पाठीच्या मधोमध हात नेऊन म्हणाली, "निजली तरी दुखतं. सांजचा ताप येतो."

मोघ्यांनी कागदावर लिहिलं, 'कंबरदुखी.'

मी पडद्याआडून ऐकत होते. गादीचं दुखणं बहुधा आडवं झालं की उतरतं. आडवं होऊनही न थांबणारं, आणि सोबत संध्याकाळचा ताप, हे वेगळं, एवढं मी पुस्तकात वाचलेलं होतं. रक्त घेतलं. तासाने नळी बघितली तर तांबडं निम्म्याच्याही खाली गेलेलं. एकशे बारा. मी कागद घेऊन स्वतः डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले, हे माझ्या मानाने पुष्कळच. म्हटलं, "सर, हा जरा जास्त आहे."

"आपल्याकडे सगळ्यांचाच जास्त असतो," डॉक्टर म्हणाले. "आणि ह्या लोकांना सहन होतं."

त्यांनी नेहमीचा कागद लिहिला. मोघ्यांनी खुर्चीखालून पट्टा काढला. मी मागच्या खोलीत जाऊन नळी धुतली. शाळेत शिकवलं होतं तसं, विचारलं तेवढं बोलले होते.

यानंतर वीसेक दिवसांनी कळंबचा बाळू गवंडी आला. कामावरून थेट आलेला, पिशवीत थापी आणि ओळंबा. पंचावन्न वर्षांचा तोंडाळ माणूस. रक्त देऊन झाल्यावर बाहेर जाऊन बसा म्हटलं तर म्हणाला, माझं रगत काय करतंय ते मी बघणार, मला कुठं घाई हाय. म्हणून स्टुलावर बसला आणि बारीक डोळे करून स्टँडकडे बघत राहिला. स्टँड डॉक्टरांनी दहिवलीच्या सुताराकडून लाकडी करून घेतला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तो खिडकीखालच्या कडाप्प्याच्या ओट्यावर असे.

"बाय," बाळू म्हणाला, "ह्या नळ्या उब्या पायजेत का कललेल्या?"

"उभ्याच आहेत."

"नाय गं. कलल्यात." त्याने उठून तळहात ओट्यावर ठेवला. "ह्यो वटा माझाच हाय. आधीच्या भाडेकरूचं सैपाकघर व्हतं हे. दोन बोटं उतार मीच ठेवला, मोरीकडं. पानी जायाला नको?"

मी म्हटलं, एवढ्याशा उताराने काय होतं. त्याने पिशवीतून ओळंबा काढला, दोरी नळीच्या शेंड्याशी धरली आणि खालचं लोखंडी वजन स्थिर होऊ दिलं. नळीचं बूड दोरीपासून चांगलं बोटभर लांब होतं.

चार वर्षं मी त्या नळ्या मान किंचित डावीकडे कलवून वाचत होते, आणि मान का कलते हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं. स्टँडसाठी उतार नसलेली जागा शोधावी हे सुताराला, डॉक्टरांना, मोघ्यांना, मला, कोणालाच सुचलं नाही. ओटा म्हणजे ओटा. त्याचा उतार आपल्याकडे कोणाला दिसतच नाही, कारण तो नसेल तरच तक्रार होते.

बाळूच्याच रक्ताच्या दोन नळ्या भरल्या. एक आहे त्या जागी ठेवली. दुसरीसाठी त्याने जमिनीवर पाट ठेवला, त्यावर कपाटातला जुना स्टँड मांडला, पाटाखाली काड्यापेटी सारली आणि ओळंबा लावून नळी सरळ उभी करून दिली. तासभर आम्ही दोघं बघत बसलो. त्याने मला सांगितलं की भिंत अर्धं बोट कलली तरी तिसऱ्या पावसाळ्यात बोलते. मी त्याला सांगितलं की नळी कलली की पेशी खालच्या बाजूच्या काचेवर जमतात आणि घसरगुंडीवरून याव्यात तशा उतरतात, पाणी दुसऱ्या बाजूने सहज वर सरकतं. ते सांगताना माझ्या लक्षात आलं की हे मला परीक्षेत पाच मार्कांना आलं होतं आणि मी पूर्ण पाच मिळवले होते.

तासाने कललेल्या नळीत चौतीस होते. सरळ नळीत चौदा.

"म्हंजे मना सूज नाय?"

"नाही."

"मंग वीस कोनाचे?"

"ओट्याचे," मी म्हटलं. तो इतका हसला की कंबर धरून बसला. सूज नव्हती, पण गादी झिजलेली होतीच.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. मागे जात प्रत्येक आकडा निम्म्यावर आणून बघितला. हमाल, मास्तर, दुकानदार, सगळे ठीकठाक होऊन गेले. मास्तरांचे लाडू फुकट गेले. मग गोमीची ओळ आली. एकशे बारा निम्मे केले तरी छप्पन. शिवाय हे निम्मे करणं मोघ्यांच्या दुप्पट करण्याइतकंच अडाणी होतं. खरा आकडा काय, हे मला कोणत्याच हिशेबाने काढता येत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं की ओट्याने खोट्या सुजेचा इतका चिखल केला होता, की खरी सूज त्यात बुडाली. आणि ती बाई पट्टा बांधून वीस दिवस मोळ्या वाहत असणार.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, रजिस्टर घेऊन डॉक्टरांकडे गेले. ओट्याचं सांगितलं, गोमीचं सांगितलं. त्यांनी ओट्याचंच ऐकलं.

"तुम्ही स्टँड हलवलात?"

"हो सर. पाटावर ठेवलाय."

"म्हणजे सोमवारपासून सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल. एका आठवड्यात कर्जतची सूज उतरली म्हणून लोकांना सांगू? जागेवर ठेवा तो." गोमीबद्दल म्हणाले, पेशंटला गरज वाटली तर पेशंट येतो, रजिस्टर मागे वाचायचं नसतं.

मी स्टँड ओट्यावर ठेवला. हे लिहायला मला अजून जड जातं, पण ठेवला.

घरी बाबांना सांगितलं. चढाच्या गाड्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनांशी आयुष्य घालवलेले बाबा कमी बोलत. त्यांनी विचारलं, ती बाई कुठली. मी सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी मी मोकळा आहे. ठाकुरवाडीला गाडी थांबते." 

वाडी स्टेशनाच्या वर, करवंदीतून चढून. पदू बाबांना ओळखत होता. झोपडीच्या दारात त्याची म्हातारी आई बसलेली, लुगड्यावरून आमच्या दवाखान्याचा पट्टा आवळून. मी बघत राहिले तशी म्हणाली, "सुनंला काय गुन नाय आला. मना बरा वाटतो."

गोमी आत आडवी होती. मोळी थांबून सात-आठ दिवस झाले होते. पदू म्हणाला, चालताना पाय अडखळतात. तिने स्वतः सांगितलं की चप्पल पायातून कधी सुटते ते कळत नाही. मणक्यातली खराबी मज्जारज्जूवर दाबू लागली की आधी असंच होतं, आणि नंतर पाय जातात, हे मला माहीत होतं. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या माहितीचा तोपर्यंत कोणाला काडीचा उपयोग झाला नव्हता.

मी पदूला म्हटलं, हिला उद्या मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं. तो म्हणाला, डाक्टर तं म्हनला गॅप हाय. मी म्हटलं, डॉक्टर चुकले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, आणि तेही डोंगरात, ऐकायला डॉक्टर नसताना. पदूने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "ती बोलत नाही सहसा."

एवढ्यावर तो तयार झाला.

डोली करून तिला खाली आणलं. सोमवारी मी रजा न विचारता त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या सरळ नळीत शहाऐंशी आले, आणि एक्स-रेमध्ये दोन मणके समोरून खाल्लेले. क्षय. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, एवढा उशीर का केला. ती पदूला विचारत होती. उत्तर मी द्यायला हवं होतं. पदूने खाली बघितलं आणि मीही.

मंगळवारी कामावर गेले तेव्हा डॉक्टरांना सगळं कळलेलं होतं. रिपोर्टचा अर्थ सांगणं तुमचं काम नाही, असं ते बराच वेळ सांगत होते. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "झालं ते झालं. स्टँड तिथेच राहील. समजलं?"

मी म्हटलं, "नाही."

मोघे पडद्याबाहेर येऊन बघून गेले. महिनाअखेर मी नोकरी सोडली. डॉक्टरांना नवी मुलगी आठ दिवसांत मिळाली.

आता मी खालापूर तालुक्यात, खोपोलीला काम करते. माझा स्टँड लोखंडी आहे, पायाला स्क्रू आहेत, आणि शेजारी खिळ्याला बाळूने दिलेला जुना ओळंबा टांगलेला असतो. लोकांना वाटतं नजर लागू नये म्हणून. मी खुलासा करत नाही. माझ्याकडे कंबरदुखीवाल्यांचा आकडा बारा-पंधरा येतो, आणि ते नाराज होतात. त्यांतले काही परत कर्जतला जातात, तिथे सूज निघते म्हणून. मास्तरही तिकडेच आहेत. आलेखाची तिसरी वही चालू आहे असं ऐकते.

गोमी वर्षभर प्लास्टरमध्ये आणि दीड वर्ष औषधांवर होती. पाय वाचले. मणके भरून आले, पण वाकडे. पाठीला पोक राहिलं. पहिल्याच दिवशी तिला मुंबईला पाठवलं असतं तर कदाचित ते राहिलं नसतं, हे मला कोणी सांगितलेलं नाही आणि मी कोणाला विचारलेलं नाही. दर थंडीला ती पदूबरोबर ईएसआर करायला येते. कर्जत जवळ असून खोपोलीला येते. बाकावर बसते.

गेल्या थंडीत तिचा आकडा बारा आला. मी सांगितलं, काही नाही, सगळं शांत आहे. पदू उठला. ती उठली नाही.

"मंग दुखतं ते?"

कारण मला माहीत होतं. वाकड्या जुळलेल्या मणक्यांच्या वरच्या आणि खालच्या गाद्यांवर आता सगळा भार येतो, आणि त्या झिजायला लागल्या आहेत. तिच्या नव्या एक्स-रेच्या कागदावर तसं लिहिलेलंही आहे. म्हणजे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी ठोकून दिलेलं निदान आता खरं झालं. त्यांनी हे ऐकलं तर सत्कार करून घेतील. झिजणारी गादी नुसती झिजत नाही, आतल्या आत चिडते, तिथे बारीकसा जाळ असतो, असंही आता काही जण म्हणू लागलेत. असेल. पण तेवढा जाळ दंडापर्यंत पोचत नाही, आणि माझ्या नळीला तो दिसत नाही. नळी सरळ उभी असली तरी दिसत नाही. आणि रिपोर्टवर बारा बघून 'नॉर्मल आहे, हिला काम नको आहे' म्हणणारे डॉक्टर सगळ्या तालुक्यांत आहेत. त्यांना कललेला ओटासुद्धा लागत नाही.

आमच्या रिपोर्टच्या खाली 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. तंत्रज्ञाने तो कोरा सोडायचा असतो. मी आजवर कोरा सोडत आले. त्या दिवशी पेन उचललं आणि त्यात एक शब्द लिहिला.

"काय लिवलं?" पदूने विचारलं.

मी वाचून दाखवलं, "दुखतं."

गोमीने कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि कनवटीला लावला.

"येवढंच तं मी त्या दिशी सांगत व्हते," ती म्हणाली.